अंगणांतील झुरळ आणि त्याचीं खोटीं नांवें

नकोसा झालेला माणूस किंवा अंगावर आलेली जबाबदारी, मनांत फारसा विचार न आणतां दूर लोटणें, याला आपण मराठींत झुरळ झटकल्यासारखें झटकणें असें म्हणतों. ज्यानें हा वाक्प्रचार प्रथम योजला, त्यानें झटकणाराच्या मनाची स्थिति अचूक हेरली होती. परंतु झटकलेल्या झुरळाचें पुढें काय होतें याची चौकशी त्यानें केली नाहीं, व आपणही ती कधीं करीत नाहीं. तें कपाटाखालीं शिरलें तर आपण केरसुणी घेऊन त्याच्या मागें लागतों; पण उंबरठा ओलांडून मोरीच्या तोंडाशीं, तुळशीवृंदावनामागच्या पालापाचोळ्यांत किंवा परसांतल्या झाडाच्या ढोलींत तें निघून गेलें, म्हणजे आपल्यापुरतें तें संपलें. वास्तविक त्याचा इतिहास तेथूनच सुरू होतो. प्रस्तुत लेखांत आम्ही घराभोंवतीं रहाणाऱ्या या बाहेरच्या झुरळांचा कांहीं वृत्तान्त सांगणार आहों. विषय कित्येकांस किळसवाणा वाटेल, हें आम्ही जाणून आहों. तथापि या क्षुद्र प्राण्यास मनुष्यजातीनें जीं नांवें दिलीं, त्यांत मनुष्यजातीचाच स्वभाव इतका स्वच्छ उमटला आहे, कीं ती किळस क्षणभर बाजूस ठेवण्यास हरकत नसावी.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. पृथ्वीवर झुरळांच्या सुमारें ४,६०० जाति ज्ञात आहेत, आणि त्यांपैकीं माणसाच्या वस्तीशीं संबंध जोडणाऱ्या जाति जेमतेम तीसच्या घरांत जातात. बाकीच्या सर्व जाति रानांत, कुजलेल्या पानांत, वठलेल्या लांकडांत, गुहांत आपापला संसार करीत असतात आणि मृत पालापाचोळ्याची माती करण्याच्या कामीं हातभार लावतात. झुरळासारख्या कीटकांचे अवशेष तीस कोटि वर्षांपूर्वींच्या, दगडी कोळसा ज्या काळीं तयार झाला त्या काळच्या थरांत सांपडतात. माणसाचें घर ही त्या मानानें कालची गोष्ट होय. तेव्हां झुरळ हा घरचा प्राणी असून तो चुकून बाहेर जातो, ही आपली समजूत उलटी आहे. तो बाहेरचा प्राणी असून त्यांतल्या थोड्यांनीं आंत पाऊल टाकलें, हें खरें.

आपल्या घराभोंवतालीं जीं झुरळें आढळतात, त्यांत सर्वांत ठळक तें मोठें, तांबूस तपकिरी, लांबीला दीड इंचांपर्यंत भरणारें. गटारें, मोऱ्या, विहिरींच्या भेगा, माडांचे शेंडे व झाडांच्या ढोली हें त्याचें वसतिस्थान. उकाड्याच्या रात्रीं खिडकींतून भर्रकन् आंत येऊन जें साऱ्या घरांत धांदल उडवितें, तें बहुधा हेंच. याचें नांव अमेरिकन झुरळ. दुसरें त्याच्याच भाऊबंदांतलें, पण पंखांच्या मुळाशीं पिवळी रेघ असलेलें. तें बागांत व दमट जागीं रहातें, आणि त्याचें नांव ऑस्ट्रेलियन झुरळ. तिसरें कुंडींतल्या मातींत बोटभर खालीं दडून रहाणारें, काळसर, चकचकीत. कुंडी हालविली म्हणजे तें घाईघाईनें पुन्हा मातींत घुसतें. त्याचें नांव सुरिनाम झुरळ. आणि चौथें, अर्ध्या इंचाहून थोडेंच मोठें, फिक्या तपकिरी रंगाचें, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलें, गवतांत व पाचोळ्यांत रहाणारें. त्याला आशियाई झुरळ म्हणतात. या चौथ्यासारखेंच हुबेहुब दिसणारें, परंतु स्वयंपाकघर व उपाहारगृहांचीं भटारखानीं सोडून बाहेर न रहाणारें जें आहे, तें जर्मन झुरळ.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सुरिनाम, जर्मनी! ही नामावळी वाचून एखाद्यास वाटेल कीं जगांतील यच्चयावत् राष्ट्रांनीं आपापले वकील आमच्या मोरीवर पाठविले आहेत. परंतु यांतील पहिलीं तीन व शेवटचें, हीं चारही नांवें खोटीं आहेत.

हीं नांवें पडलीं कशीं? स्वीडनचा महापंडित लिनियस यानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांस दोन-दोन पदांचीं नांवें देण्याची पद्धति रूढ केली. नमुना ज्या देशांतून हातीं आला, त्या देशाचें नांव त्या जातीस चिकटविणें ही त्या काळची सोयीची रीत होती. अमेरिकेंतून आलेलें झुरळ अमेरिकन ठरलें, दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामच्या वसाहतीचें नांव आणखी एकाच्या गळ्यांत पडलें, व युरोपांत पूर्वींपासून ठाऊक असलेलें काळें झुरळ पौर्वात्य म्हणून नोंदलें गेलें. १७६७ सालीं जर्मन झुरळाची पाळी आली. १७७५ त लिनियसचा शिष्य फाब्रिसियस यानें ऑस्ट्रेलियन झुरळास नांव दिलें. वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणें एकदां दिलेलें नांव, त्यांतील भूगोल चुकीचा ठरला म्हणून बदलतां येत नाहीं. त्यामुळें ही चूक आजतागायत चालू आहे.

पंडितांची चूक निदान निरागस होती; लोकांची तशी नव्हती. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धांत युरोपांतील सैन्यें एकमेकांच्या मुलखांतून फिरलीं, आणि त्यांच्या शिध्याच्या गाड्यांबरोबर हें लहान झुरळही फिरलें. रशियांत त्यास प्रशियन म्हणूं लागले. आजही रशियन भाषेंत त्याचें तेंच नांव आहे. उलट जर्मनीच्या कांहीं भागांत त्यासच रशियन म्हणत. कोठें तें फ्रेंच ठरलें, तर उत्तरेकडील जर्मनांनीं परमुलूख न शोधतां आपल्याच दक्षिणेकडील स्वाबियन बांधवांच्या नांवावर तें घातलें. आमच्या घरांत घाण आली ती शेजाऱ्याकडून, हा न्याय येथें पुरेपूर दिसतो. या बाबतींत आपणही हंसण्याचें कारण नाहीं. उपदंशाच्या व्याधीस युरोपांत कोणी फ्रेंच रोग म्हटलें, कोणी नेपल्सचा रोग म्हटलें, आणि आमच्या भावप्रकाशकारांनीं तिला फिरंगरोग म्हणून नोंदलें. तेथें फिरंग्यांचा संबंध खरोखरच होता. पण संबंध असो वा नसो, रोग व कीटक यांचें जन्मस्थान नेहमीं परक्याच्या दारींच शोधलें जातें, एवढें मात्र खरें.

आतां खरी हकीकत पाहूं. ती जहाजांच्या तळाशीं सांपडते. १५८७ सालीं इंग्रज दर्यावर्दी ड्रेक यानें हिंदुस्थानाकडून मालानें भरून लिस्बनला परतणारें ‘सान फिलिप’ नांवाचें प्रचंड पोर्तुगीज जहाज अझोर बेटांजवळ पकडलें. पोर्तुगीजांच्या या व्यापाराचें मुख्य ठाणें त्या काळीं आपलें गोवें हें होतें. त्या जहाजावर मिऱ्यें, दालचिनी, रेशीम व जवाहीर यांबरोबर पंखवाल्या झुरळांची एक झुंडच्या झुंड निघाली, असें थॉमस मूफेट या इंग्रज वैद्यानें आपल्या कीटकविषयक लॅटिन ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. ग्रंथकार १६०४ सालीं वारला व ग्रंथ १६३४ त छापून निघाला. इंग्रजांच्या मनांत पूर्वेकडील व्यापाराची हांव बळावण्यास त्या लुटीनें मोठी चालना दिली, हें इतिहासकार सांगतात. त्या लुटींत हाही एक जिन्नस होता, हें ते सहसा सांगत नाहींत. पुढें १६२४ सालीं कॅप्टन जॉन स्मिथ यानें व्हर्जिनिया, बर्म्यूडा इत्यादि वसाहतींच्या इतिहासांत पेट्यांत शिरून सामान नासविणाऱ्या एका कीटकाचा उल्लेख केला. त्याचें स्पॅनिश नांव त्यानें आपल्या कानास जसें ऐकूं आलें तसें लिहिलें, आणि त्यांतूनच इंग्रजींतील कॉक्रोच हा शब्द घडला. कोंबड्याशीं त्या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. मौज ही, कीं स्मिथनें त्या कीटकास इंडियाचा किडा असें विशेषण लावलें आहे. अर्थात् तो इंडिया म्हणजे वेस्ट इंडीज. म्हणजे एका खोट्या नांवावर दुसरें खोटें नांव रचलें गेलें.

अमेरिकन झुरळाची कथा याहून काळी आहे. १९४५ सालीं फिलाडेल्फियाचे कीटकशास्त्रज्ञ जेम्स रेन यांनीं झुरळांच्या प्रवासाविषयीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अमेरिकन म्हणविणाऱ्या या झुरळाचे आप्त कोठें रानटी स्थितींत आढळतात, हें पाहून त्याचें मूळ आफ्रिकेंत असल्याचें त्यांनीं दाखविलें. तें अमेरिकेस गेलें गुलामांच्या जहाजांतून. ज्या तळघरांत माणसें माल म्हणून भरलीं जात, त्याच तळघरांतून हें झुरळही समुद्रापार उतरलें. त्या माणसांचीं नांवें कोणी टिपून ठेवलीं नाहींत. त्यांच्याबरोबर आलेल्या किड्याला मात्र लॅटिन नांव व अमेरिकेचें नागरिकत्व दोन्ही मिळालें.

सुरिनाम झुरळाचें मूळही सुरिनामांत नाहीं; तें आपल्याकडील, हिंदुस्थान व मलाया यांच्या टापूंतील. येथें त्याची जी सख्खी बहीण-जाति आहे, तींत नरमादी दोन्ही असतात. परंतु जगभर पसरलेल्या सुरिनाम झुरळांत बहुतेक सर्व माद्याच, आणि त्या नरावांचून प्रजा निर्माण करतात. त्यामुळें कुंडींतून एक मादी परदेशीं गेली तरी तिची वसाहत उभी रहाते.

राहिलें जर्मन झुरळ. त्याचें गूढ सर्वांत अधिक काळ टिकलें, कारण त्याचे रानटी स्थितींतले पूर्वज कोठेंच सांपडत नव्हते. रेन यांनीं त्यासही आफ्रिकेचेंच ठरविलें होतें. पुढें १९८१ सालीं जपानच्या ओकिनावा बेटांतील एका बाहेर रहाणाऱ्या लहान झुरळाचें नवीन जाति म्हणून वर्णन झालें, व असाहिना नांवाच्या जपानी शास्त्रज्ञाच्या गौरवार्थ तिला नांव मिळालें. हेंच आशियाई झुरळ. १९८६ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतांतील लेकलँड-टँपा भागांत लोकांना असें दिसूं लागलें, कीं स्वयंपाकघरांतलीं जर्मन झुरळें एकाएकीं हिरवळीवर उतरलीं आहेत, आणि सायंकाळीं उडत येऊन दिव्यांवर, पांढऱ्या भिंतींवर बसत आहेत. तपासाअंतीं तीं जर्मन नसून हीं आशियाई झुरळें असल्याचें ठरलें. एका एकरांत ३०,००० पासून २,५०,००० पर्यंत त्यांची संख्या मोजली गेली. दोहोंचें रूप एक. पण एक उडतें व दुसरें पंख असूनही उडत नाहीं. एक उजेडाकडे धांव घेतें व दुसरें उजेड दिसतांच फटींत शिरतें. एक पाचोळ्यांत रमतें व दुसरें चुलीजवळ. दोहोंचा संकर होऊं शकतो, इतकें त्यांचें नातें जवळचें.

हें नातें किती जुनें, याचा उलगडा २०२४ सालीं झाला. सहा खंडांतील १७ देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून संशोधकांनीं असा निर्णय दिला, कीं जर्मन झुरळ हें या आशियाई झुरळापासूनच सुमारें २,१०० वर्षांपूर्वीं निराळें झालें, आणि तें बहुधा हिंदुस्थानांत अथवा ब्रह्मदेशांत, माणसाच्या वस्तीशीं जुळतें घेतां घेतां. तेथून सुमारें १,२०० वर्षांपूर्वीं, इस्लामी खिलाफतींच्या व्यापाराच्या व सैन्यांच्या काळांत, तें पश्चिमेस गेलें. सुमारें ३९० वर्षांपूर्वीं, म्हणजे डच व इंग्रज कंपन्यांच्या अमदानींत, पूर्वेकडील बेटांत पसरलें. आणि युरोपांत पोंचलें तें अवघ्या २७० वर्षांपूर्वीं. ही कालगणना अर्थात् अदमासाची आहे. तथापि लिनियसनें १७६७ सालीं ज्याला जर्मन म्हटलें तो पाहुणा तेव्हां युरोपांत नवखाच होता, एवढें तींतून निश्चित होतें. रशियनांनीं प्रशियाला, प्रशियनांनीं रशियाला दोष दिला. आणि माहेर निघालें आमच्या बाजूला!

येथें आम्हांस एक तर्क सुचतो, तो तर्क म्हणूनच वाचकांपुढें ठेवतों. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायांत कोणती वस्तु चोरली असतां कोणता जन्म येतो याची यादी आहे. तींत तेल चोरणारास तैलपक नांवाच्या प्राण्याचा जन्म सांगितला आहे. याज्ञवल्क्यांनीं तोच प्राणी तैलपायी या नांवानें दिला आहे. तेल पिणारा तो झुरळ, असा अर्थ पुष्कळ कोशकार करतात. बंगालींत झुरळास तेलापोका व हिंदींत तिलचट्टा म्हणतात, तेंही याच विचारसरणीस धरून आहे. परंतु मनूनें तैलपकास खग, म्हणजे आकाशांत संचार करणारा, असें म्हटलें आहे. म्हणून कांहीं विद्वानांस ही ओळख पटत नाहीं. स्वयंपाकघरांतील जें लहान झुरळ आज आपण पाहतों तें उडत नाहीं, हें खरें. पण त्याचें बाहेरचें भावंड उडतें, आणि दिवेलागणीस उडून दिव्याशींच येतें. तेलाच्या समईपाशीं रोज सांजेला येऊन बसणारा पंखवाला कीटक पाहून त्यास तेलाचा चोर समजणें अगदीं स्वाभाविक होतें. मनुस्मृतीचा काळ आणि या दोन भावंडांची वाटणी झाल्याचा काळ हे एकमेकांपासून फार दूर नाहींत. तैलपक म्हणजे उंबरठ्यावर उभें असलेलें, अजून पुरतें आंत न आलेलें झुरळ असेल काय?

बाहेर राहिलेल्या झुरळाला बाहेरचा कायदा लागू असतो. पाली, कोळी, पक्षी, बेडूक हे तर त्याचे वैरी आहेतच. पण सर्वांत विलक्षण वैरी म्हणजे हिरव्यानिळ्या चकाकीची एक गांधीलमाशी. ती आपल्या देशांत सांपडते. ती मोठ्या झुरळास प्रथम छातींत डंख करून क्षणभर लुळें करते, व मग दुसरा डंख थेट मेंदूंत मारते. त्यानें झुरळ मरत नाहीं किंवा पंगु होत नाहीं. फक्त पळून जाण्याची त्याची इच्छा नाहींशी होते. मग माशी त्याची मिशी धरून गाईला दावें धरून न्यावें तसें त्यास बिळांत नेते, त्याच्या पायावर एक अंडें घालते, व बिळाचें तोंड बुजवून टाकते. कांहीं आठवड्यांनीं त्याच बिळांतून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. आपल्या संतवाङ्मयांत अळी ध्यास घेऊन भृंगी होते असा जो दृष्टान्त वारंवार येतो, तो कुंभारणीच्या घरट्यावरून सुचला हें उघड आहे. पण बंगालमध्यें तोच दृष्टान्त सांगतांना अळीच्या जागीं झुरळ येतें, आणि रामकृष्ण परमहंसांच्या संभाषणांत तो आढळतो. कोणीतरी अंगणांत बसून, मिशी धरून चाललेलें तें निश्चल झुरळ आणि पुढें त्याच बिळांतून निघालेली माशी, हीं दोन्ही पाहिलीं असलीं पाहिजेत. निरीक्षण अचूक होतें. अनुमान तेवढें भक्तीचें. १९४१ सालीं झुरळांच्या नाशासाठीं ही माशी मुद्दाम हवाई बेटांत नेऊन सोडण्यांत आली. ती तेथें रुजली, पण झुरळें काबूंत आणण्याइतकी तिची शिकार मोठी नव्हती.

उलट आंत आलेल्या झुरळाला वैरी एकच, माणूस. आणि त्याचें शस्त्र विष. दुसऱ्या महायुद्धानंतर नवीं रासायनिक विषें निघालीं, तेव्हां आतां झुरळांचा अंत आला असें वाटलें होतें. परंतु १९५० नंतर थोड्याच वर्षांत टेक्सासमधील जर्मन झुरळें क्लोरडेन या जहराला दाद देईनातशीं झालीं. पुढें साखर कालवून विषाचीं आमिषें ठेवण्यांत येऊं लागलीं. तर १९९३ त असें आढळलें, कीं कांहीं झुरळांच्या वंशांनीं ग्लुकोज खाण्याचेंच सोडलें आहे. २०१३ सालीं त्याचें कारण कळलें: त्यांच्या जिभेला, म्हणजे त्या कामाच्या केसांना, गोड हें कडू लागूं लागलें होतें. याच सुमारास त्याचें बाहेरचें भावंड काय करीत होतें? टेक्सासमध्येंच २००६ सालीं शेतांत दिसूं लागलेलीं आशियाई झुरळें सोयाबीनवरील बोंडअळीच्या पतंगांचीं अंडीं खातांना आढळलीं. एक भाऊ घरांत शत्रु, दुसरा शेतांत मदतनीस. भेद रक्ताचा नव्हे, जागेचा. आणि ती जागा आपण निर्माण केली: उबदार, दमट, खरकट्यानें भरलेली, वैऱ्यांपासून सुरक्षित.

आतां शेवटचा मुद्दा, ज्यासाठीं हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणलें. किड्यास परक्याचें नांव देणें ही एक चूक. परंतु तीच संवय उलटी फिरली, म्हणजे परक्यास किड्याचें नांव देण्यांत येतें. आफ्रिकेंतील र्‍वांडा देशांत १९६० नंतरच्या दशकांत, परागंदा होऊन सरहद्दीवरून हल्ले करणाऱ्या तुत्सी टोळ्यांना इन्येंझी, म्हणजे झुरळें, म्हणूं लागले. १९९४ सालीं तेथील एका नभोवाणी केंद्रावरून तोच शब्द सरसकट सगळ्या तुत्सी लोकांना, बायकामुलांसुद्धां, लावला जाऊं लागला. आणि त्या वर्षीं एप्रिलपासून सुमारें शंभर दिवसांत अदमासें ८,००,००० माणसें मारलीं गेलीं. मारणारांत पुष्कळ जण शेजारीच होते. झुरळ झटकतांना मन विचार करीत नाहीं, असें आम्हीं आरंभीं म्हटलें. त्या निर्विचारतेचाच तेथें उपयोग करून घेण्यांत आला.

तेव्हां आपण काय करावें? मोरीला जाळी बसवावी, खरकटें रात्रभर ठेवूं नये, भिंतीच्या फटी बुजवाव्या, कुंड्यांखालचा पाचोळा उंबरठ्यापासून दूर सारावा; एवढ्यानें बाहेरचें झुरळ बहुधा बाहेरच रहातें, व तेथें त्याचें आपलें भांडण नाहीं. आणि मुलांनीं विचारलें, कीं हें झुरळ कोठून आलें, तर कोणत्याही शेजाऱ्याचें किंवा परक्या देशाचें नांव न घेतां त्यांना सरळ सांगावें: बाळांनो, हें अंगणांतून आलें, आणि त्याला आंत यावेंसें वाटलें तें आपल्यामुळें.